एक ओळ मोकळी

कॅन्ससहून त्याच्या मुलीचं पत्र आलं.
गावच्या पेपरात वडिलांवर अकरा ओळी छापायच्यात.
दहा झाल्यात : जन्म, गव्हाचं शेत, वकिलीची सनद,
सलग सहा वेळा आमदार, मग एकोणचाळीस मतांनी हार,
बायको, दोन मुली,
चर्चचा पियानो दुरुस्त केल्याचंसुद्धा आहे.
अकराव्या ओळीत नुसतंच, आखातात पाच वर्षं.
पुढे काय लिहू, मिस्टर पेडणेकर?

मनामातल्या या खोलीत ते पत्र
आठवडाभर ड्रॉवरमध्ये पडून आहे.

आमदार म्हटला की आमच्याकडे
आधी जीप येते, मग धुरळा, मग हार, मग आमदार.
हा आला तो एक सुटकेस घेऊन, टाय खिशात कोंबलेला,
स्वतःचा कप स्वतः विसळणारा.
लायल हेंडरशॉट.
पहिल्याच दिवशी मी नाव चुकीचं टाइप केलं.
म्हणाला, राहू दे,
मतपत्रिकेवर एकदा असंच छापलं होतं, तरी आलो निवडून.

शमाल सुटला की खिडकीच्या फटीतून रेती
टाइपरायटरच्या पोटात जायची, अक्षरं अडकायची.
मी ब्रश घेऊन बसलो की तो बोलायला लागायचा.
एका कायद्यासाठी तीन हिवाळे घालवले, पेडणेकर.
बीट काढायला येणाऱ्या मजुरांचे कागद
शेतमालकाने आपल्या कपाटात ठेवायचे नाहीत.
बस्स. दोन वाक्यं.
दुसऱ्या वाक्यातल्या स्वल्पविरामासाठी
रात्री दोनपर्यंत भांडलो होतो.

आणि इथे तोच मला मजकूर सांगायचा,
जहाजदुरुस्तीच्या कंपनीचे करार.
कलम चौदा :
कामगाराचा पासपोर्ट कंपनीकडे सुरक्षित राहील.
खोकला उरकावा तसं तो हे कलम उरकायचा.

मीही टाइप करायचो. हात थरथरला वगैरे काही नाही.
माझा पासपोर्टही त्याच कलमाखाली
खलील मुरादसाहेबांच्या तिजोरीत होता,
आणि वेंगुर्ल्याला बहिणीचं ठरत होतं.

मग त्या जूनमध्ये नरसय्या वेल्डर
बाप गेल्याची तार घेऊन आमच्या जिन्यात येऊन बसला.
रोज, पाळी संपली की.
काही मागायचा नाही. जाणाऱ्यायेणाऱ्याला वाट द्यायला
गुडघे तेवढे बाजूला घ्यायचा.
लायल तिजोरीच्या किल्लीसाठी दोनदा वर गेला,
दोनदा चहा पिऊन खाली आला.
गावी बापाचं तेरावं झालं तेव्हा नरसय्या इथेच,
तिसऱ्या पायरीवर.

दुसऱ्या दिवशी सकाळी नवा करार.
कलम बारा. कलम तेरा.
लायल थांबला. खाली समुद्रावर कुणीतरी भोंगा वाजवला.
म्हणाला, कलम पंधरा.
सर, चौदा?
आकडा टाक. पुढे जागा सोड.

असे एकतीस करार गेले.
एकतीस वेळा मी आकडा टाकला आणि रिकामी ओळ सोडली.
कुणी वाचलं नाही, वाचतं कोण?
तिजोरी होती तशीच होती.
त्या एकतिसांतल्या एकालाही
आपल्या करारात काय नाही ते ठाऊक नव्हतं.
लंडनच्या कुणा तरण्या वकिलाने ते पकडलं,
टाइपिस्टची चूक म्हणून कळवलं.
लायल म्हणाला, टाइपिस्टची नाही.
महिन्याभरात त्याचं तिकीट निघालं.

आता हे अकराव्या ओळीत कसं बसवायचं?
एक ओळ मोकळी सोडा म्हटलं
तर छापणाऱ्याला खिळे कमी पडले असं वाटेल.
आणि जिन्यातला माणूस? त्याचं काय झालं असं
तिने विचारलं तर मला माहीत नाही.
तीन कागद फाडले. चौथ्यावर लिहिलं :
बाई, इथे त्यांना सगळे आमदार म्हणत.

हे खरं नाही.
फक्त मी म्हणायचो,
तेही मनात.