चार शतांश

सलमाबादच्या तिसऱ्या गल्लीत, टायरवाल्याच्या मागे,
शुक्रवारी आमचं शटर अर्धंच वर असतं.
एसीचं पाणी रंगाच्या डब्यात ठिबकतं,
डबा भरला की मी उठतो.

टेबलावर ती. दीड हात लांब,
कुठल्याशा ट्रेनिंग सेंटरच्या लिलावातली शाळकरी लेथ,
हिरवा रंग कोपऱ्यांना उडालेला.
कंट्रोलर गेला मागच्या ऑगस्टात, दमट खाऱ्या हवेनं;
उघडून पाहिलं तर कपॅसिटर
तळणीतल्या पुऱ्यांसारखे टम्म.
अरबाब म्हणाला, भंगारात दे, पंधरा दिनार येतील.
म्हटलं, पंधरा मीच देतो.
त्यानं घेतले. चहाही सांगितला.

जुन्या वायरी सगळ्या एकाच करड्या रंगाच्या.
एकेक सोडवली, चिकटपट्टीवर नाव लिहिलं:
एक्स मोटर, झेड मोटर, होम, दार.
एक वायर कुठेच जात नव्हती.
तिलाही नाव दिलं. कोण जाणे.

मोटरी ठणठणीत होत्या.
नवा बोर्ड तळहाताएवढा, दोन ड्रायव्हर,
स्पिंडलच्या मागे एन्कोडरची चकती,
कारण आटे पाडायचे तर
चक किती फिरला हे टूलला कळावं लागतं.
अंदाजानं आटा पडत नाही.

पॅनेलचं दार आतून पुसताना
पेन्सिलीचं अक्षर लागलं हाताला.
झेड खरा. एक्स मागे येताना
चार शतांश खोटं बोलतो.
खाली सही, सोलकर.

इसाकभाई. एकोणीस वर्षं या टेबलाशी.
मी आलो तेव्हा त्यांचं तिकीट निघालेलं;
दोनच गोष्टी सांगून गेले,
चकमध्ये चावी विसरू नको,
मापाला घाई दाखवू नको.
ही तिसरी दाराच्या आत राहिली.
आणि मी आठ वर्षं
माप चुकलं की टूलला शिव्या देत होतो.

डायल गेज लावला. एक्स पुढे, एक्स मागे.
काटा सातावर थांबला.
पुन्हा. सात.
वरच्या तिघांचा हिशेब माझ्याकडे निघत होता,
मधे दुसरं कुणी उभंच नव्हतं इथं.
नव्या कंट्रोलमध्ये त्यासाठी एक चौकोन आहे.
शून्य पूर्णांक शून्य सात. एंटर.
इसाकभाई जे प्रत्येक नगाला मनात वजा करायचे
ते एवढ्यात झालं.

बुरोंडीला फोन लावला.
व्हिडिओ नको म्हणाले, डोळ्याचं ऑपरेशन झालंय,
आवाज ऐकव.
फोन बेडजवळ धरला. सायकल स्टार्ट.
पितळेची सळई फिरली, टूल सरकलं, चुरा उडाला.
"अरे, चालू कर की."
चालूच आहे.
"काय सांगतोस! ती गायची.
एक्स आला की वर, झेड गेला की खाली.
पाठ करून उभा असलो तरी
कुठला आटा चाललाय ते कळायचं मला."

नवे ड्रायव्हर एका पावलाची बत्तीस करतात,
म्हणून मोटर गप्प असते,
हे समजावायला लागलो आणि थांबलो.

ड्रायव्हरच्या कडेला बारीक पांढरी बटणं असतात.
स्क्रूड्रायव्हरच्या टोकानं फिरवली.
पावलांचा आकडाही बदलला,
नाहीतर एका मिलिमीटरचे बत्तीस झाले असते.
पुन्हा सायकल स्टार्ट.

टेबल थरथरलं. डब्यातल्या पाण्यावर वलयं आली.
फोनवर बराच वेळ कुणी बोललं नाही.
मग म्हणाले,
"एक्सची गिब ढिली आहे. आवळ."

आवळली. गेज लावला.
पाच.
सात खोडून पाच लिहिलं चौकोनात.
उरलेला एक शतांश माझा, तो नाकबूल नाही.

डबा भरून फरशीवर ओघळ आला होता.
बटणं अजून तशीच आहेत.
उद्या कामावर आल्यावर बघू.