बोर्डाचं माप

बोर्ड रंगवायचा तर आधी भिंत बघायची.
सुतळी निळीत बुडवून दोन खिळ्यांना ताणायची,
एकच टिचकी,
की शिरोरेषा उमटली.
सत्तावीस वर्षं असं लिहिलं मी
खडेबाजारात, शहापुरात, स्टेशन रोडला.
वर कन्नड, खाली मराठी, कधी उलटं,
कधी रातोरात एकावर डांबर,
आणि सकाळी तेच गिऱ्हाईक, तोच ब्रश:
"मोनाप्पा, परत एकदा."

मग फ्लेक्स आला.
डबे वाळले. शिडी मेहुण्याने नेली.

आता दुसऱ्या गेटाजवळ, जिन्यावरच्या क्लासात
विसातल्या पोरांच्या मागच्या बाकावर बसतो.
शिकवते विद्याश्री, माझ्या थोरलीएवढी.
पहिल्याच संध्याकाळी तिने फळ्यावर लिहिलं:
फ्लेक्स.
मी हसलो.
म्हटलं, मॅडम, याच शब्दाने माझं दुकान खाल्लं.
"ते वेगळं की काका," ती म्हणाली, "हे वाकतंय."

पान किती रुंद, मी विचारलं.
रुंदी नाही, म्हणाली.
किती फूट धरू?
धरायचं नाही.
आठ दिवस झोप नाही मला.
भिंत नसलेल्या बोर्डावर
पहिलं अक्षर कुठे टेकवायचं?

गृहपाठाला खरं गिऱ्हाईक घेतलं:
सांबऱ्याच्या तारामतीबाई, मांडे करणाऱ्या.
मोठ्या पडद्यावर झोकात बसलं सगळं.
फोनवर बघतो तर बटणाचं शेपूट तुटलेलं, "ऑर्डर नों",
आणि कन्नडातलं नाव
चौकटीबाहेर लोंबतंय, दोरीवरच्या धोतरासारखं.

"फोनांची मापं पाठ करू नका," विद्याश्री म्हणाली.
"खिडकीची कड धरा, हळूहळू आत ढकला.
जिथं वाक्य मोडतंय तिथं रेघ मारा.
आधी नाही."
आधी नाही, हे ती सहज बोलून गेली.
मी कड धरून तसाच बसलो.
आमच्याकडे रेघ आधी आली.
वाक्यं मागनं बसवली,
ज्याने त्याने, जमेल तशी.

रविवारी सांबऱ्याला गेलो.
तारामतीबाई कोपरापर्यंत पीठ खेळवत होत्या.
उपडं मडकं धगधगत होतं.
मांडा एवढा पसरला की पलीकडची चूल दिसावी त्यातून,
आणि साखर पडते न पडते तोच
चार घड्या, डब्याच्या मापाच्या.
"गरम हाय तवरच वळतंय," म्हणाल्या, "गार झालं की मोडतंय."
वरून विमान गेलं. कुणी मान वर केली नाही.

त्यांच्या नातवाचा फोन, काच कोळ्याच्या जाळ्यासारखी फुटलेली.
त्यावर पान उघडलं.
तीन रांगांची एक रांग झाली,
मांड्याखाली मांडा, गुमान.
बाईंनी फोन आडवा केला, उभा केला,
परत आडवा.
मी श्वास धरून.

"नंबर मोठा कर गा," शेवटी म्हणाल्या.
"बाकीचं ऱ्हाऊ दे."

रात्री नंबर मोठा केला.
मग तळाला, जुन्या सवयीने, बारीक लिहिलं:
मोनाप्पा आर्ट्स.
खिडकी ढकलत ढकलत आत आणली.
अगदी अरुंद झाल्यावर
"आर्ट्स" खालच्या ओळीत घसरलं,
वर नुसता मोनाप्पा.

ते मी तसंच ठेवलं.