नाक आणि नाका

आठवड्यातून दोनदा मी राज्य ओलांडते.
निपाणीतून पहाटेचं वडाप, मागची सीट,
काच उघडी ठेवायच्या बोलीवर.
कोल्हापुरात तिसऱ्या मजल्यावर एक यंत्र आहे.
ते माझं रक्त नेतं, धुतं,
आणि चार तासांनी परत आणून देतं,
शेजारणीनं उसनं नेलेल्या भांड्यागत, घासून.

जाताना कुणी अडवत नाही.
येताना कोगनोळीला उतरायचं.
पाय कापसाचे, दंडाला चिकटपट्टी,
डांबराची धग चपलेतनं वर येते.
"अक्का, रिपोर्ट एल्लैती?"

रिपोर्ट बहात्तर तास जगतो.
त्यातले चाळीस तपासायच्या बाटलीतच जातात.
उरलेल्या बत्तिसात मी जायचं, धुऊन घ्यायचं, परतायचं
आणि पुढच्या वारासाठी पुन्हा नाक पुढं करायचं.
पंचवीस विड्यांचा कट्टा, चाळीस कट्ट्यांचे हजार,
तीस वर्षं बोटांवर हिशेब केला,
एक विडी कधी कमी पडली नाही.
हा हिशेब बसत नाही.
नातू म्हणतो, आज्जे, तुझं नाक सरकारजमा झालं.

इंदुबाई म्हणाली, पाणंदीनं ये की.
उसातनं वाट आहे, सगळे येतात,
ट्रॅक्टरवाला दोनशे घेतो.
एकदा आले.
उसाची पाती गालाला लागत होती,
ट्रॉलीत अकराजण, एकजण खोकत होता,
आम्ही सगळे दुसरीकडं बघत होतो.

पुढच्या फेरीला शेजारची खाट रिकामी.
शमशादबी. तिच्या डब्यातला खिमा मला वर्ज्य,
तरी दरवेळी झाकण उघडून वास द्यायची.
नर्सनं चादर बदलली. वहीत एक रेघ मारली.
रोग तिला कुणी दिला, कुणाला ठाऊक.
मी नसेन.
असेनही.

मग चौदा दिवस पानाच्या खोलीत झोपले.
नातू ताट उंबऱ्यावर ठेवून
काठीनं आत ढकलायचा, त्याला तो खेळ.
मला काही झालं नाही. त्यालाही नाही.
काही झालं नाही म्हणजे मी चुकले नव्हते,
असं होत नाही.

म्हणून "नाका उठवा"च्या मोर्चात मी गेले नाही.
"नाका असलाच पाहिजे" म्हणणाऱ्यांच्या कागदावर
अंगठाही दिला नाही.
त्यांच्या घरात कुणाच्या रक्ताला वार नव्हता,
सोमवार, शुक्रवार.

तसलंच एक यंत्र हितं आहे, आमच्या सरकारी दवाखान्यात.
दोन वर्षांमागं आलं.
नारळ फुटला, फोटो निघाला, पेढा मीही खाल्ला.
अंगावरचं प्लास्टिक अजून तसंच.
चालवणारा माणूस मंजूर आहे, नेमलेला नाही.
कवाडाच्या फटीतनं बघून आले एकदा,
उंच, पांढरं, डोक्यावरनं झाकलेलं,
मांडवात बसवून ठेवलेल्या नवरीगत,
नवऱ्याकडचं कुणी आलंच नाही.
माझ्या दारापासून चालत अकरा मिनिटं.
माझ्या चालीनं, म्हणजे हल्लीच्या.

ते चालू असतं
तर मला नाका लागला नसता,
नाक्याला मी लागले नसते,
पाणंदीतला ऊस उसापुरता राहिला असता.

नाक्यावरचा पोलीस मल्लेशी, पोरगाच आहे.
मास्कवर रुमाल, रुमालावर घाम.
त्याची आई बेळगावात व्हरांड्यातच गेली, असं चहावाला म्हणतो.
माझ्यासाठी तो खुर्ची सरकवतो,
आधी तिच्यावर औषध फवारतो,
आणि रिपोर्टातली तारीख दोनदा वाचतो.
त्याचा मला राग येत नाही.
दोनदाच वाचावी.

काल रजिस्टर पुढं ओढलं त्यानं.
दोरीला बांधलेलं पेन.
नाव, गाव, वाहन, कारण.
कारणात तो दरवेळी कानडीत एकच शब्द लिहितो,
वाचता येत नाही, पण ओळखते मी त्याला आता, दवाखाना.
म्हणाले, बाबा, आज खरं कारण लिही:
निपाणीचं यंत्र बंद आहे.
त्यानं माझ्याकडं बघितलं.
मग रकान्याकडं.
ओल्या बोटानं शाई थोडी फिसकटली.
"अक्का, जागा सण्ण आहे," म्हणाला,
आणि बरगा वर केला.