नीट धर

प्राणिगृहाच्या मागे, एसीच्या यंत्रांच्या घरघरीत
एक दगड आहे, कमरेएवढा.
दरवर्षी ऑक्टोबरात त्याचं शेवाळ खरवडतात
कारण ऑक्टोबरात सगळे येतात.

नीगाताच्या त्या विद्यापीठात
वर्षातून एकदा, दुपारी दोनला,
प्राध्यापक काळ्या कोटात, विद्यार्थी उसन्या टायमध्ये
ओळीनं उभे राहतात दगडासमोर.
पांढरी शेवंती. तीन गाजरं. उंदरांसाठी मूठभर दाणे.
मग आकडे वाचतात:
ससे दोनशे अठरा,
उंदीर चार हजारांच्या वर.
(नेमका आकडा कागदावर असतो.
वाचताना "च्या वर" म्हणतात.)
विभागप्रमुख म्हणतात,
"त्यांनी दिलेल्या प्राणांबद्दल आम्ही ऋणी आहोत,"
आणि सगळे वाकतात.

इगाराशीबाई एकतीस वर्षं वाकत आल्या.
पिंजरे धुणं, पाणी बदलणं, वजनं टिपणं,
आणि नोकरीच्या कागदात एका ओळीत लिहिलंय ते:
प्राण्यांना मानवी हाताची सवय लावणे.
म्हणजे ससा नवा आला की
पहिले तीन दिवस नुसता हात आत ठेवून बसायचं.
चौथ्या दिवशी तो हुंगतो.
आठव्या दिवशी बोटांवर हनुवटी घासतो,
हे माझं, असं म्हणायची सशाची रीत.
पंधराव्या दिवशी तो कुणाच्याही हातात शांत राहतो.
मग त्याला वर पाठवतात.

यंदा एक पोरगा वाकला नाही.
केइगो. पहिल्या वर्षाचा. कान लालबुंद.
नंतर नळापाशी गाठून म्हणाला,
"दिले कुठे त्यांनी? आपण घेतले.
ज्याचं हिसकावलं त्याचेच आभार?
चोर बरा. तो निदान पळून तरी जातो."

बाई तेव्हा पोटाला सुई टोचत होत्या.
जेवणाआधीचं इन्सुलिन, गेली एकोणीस वर्षं.
सुई काढली, जागा बोटानं दाबली.
"हे आधी कुणाला टोचून पाहिलं, ठाऊक आहे मला.
तरी टोचते.
तू म्हणतोस ते खोटं नाही.
पण मी ही सुई फेकली तर मी मरेन,
आणि त्यानं एकही ससा परत येणार नाही."
मग झाकण लावता लावता,
"हे काही उत्तर नव्हे. तेही ठाऊक आहे."

"कधीच नाही म्हणाला नाहीत?"

"एकदा.
एकशे चाळीस नंबरची, डाव्या कानावर करडा ठिपका.
म्हटलं, हिच्यावर जे करणार आहात
ते गेल्या वर्षीच झालंय, वही बघा.
झालं होतं खरंच. वही कुणी उघडलीच नव्हती.
तिला राहू दिलं. सहा वर्षं जगली,
गाजर खायची नाही, कोबीचा दांडा लागायचा."

नळ ठिबकत होता. त्यांनी तो घट्ट केला.

"लोकांना वाटतं मला त्याचं समाधान असेल.
मला त्या दिवसापासून झोप लागत नाही नीट.
बाकीच्यांच्या वह्या
मी का नाही बघितल्या?"

चार वाजता खाणं घालायची वेळ.
त्यांची पावलं ओळखून सगळे पिंजऱ्याच्या तोंडाशी येतात,
नाकं जाळीला, ओठ हलते.
केइगो मागे मागे आला होता.
बाईंनी दार उघडून एक ससा काढला, त्याच्या हातात दिला.
"असा नको. मागच्या पायांखाली हात घे.
धसका घेऊन लाथ मारली
तर स्वतःचाच कणा मोडून घेतो.
पटत नसेल तर जा, कुणी अडवणार नाही.
आहेस तोवर
नीट धर."

सशानं त्याचा कोट हुंगला, बटण हुंगलं,
मग मनगटावर, घड्याळाच्या पट्ट्याशी,
हनुवटी घासली.

पोरगा हलला नाही.
वर जायला अजून सात दिवस होते.
भिंतीशी लोखंडी कपाट होतं,
त्यात एकतीस वर्षांच्या वह्या,
आणि किल्ली कपाटालाच लटकत होती.