अहेरो, तिसरं भोक

अहवाल पाठवलाय, पेरेस. सतरा पानं.
तू वाचणार नाहीस.
शेवटचं पान उघडशील, आकडा बघशील, फोन करशील.
म्हणून आधीच सांगते.

तुझी माती काळी आहे आणि ती स्वस्थ बसत नाही.
फेब्रुवारीत भेगाळते:
झेब्लॉनने एका भेगेत हात घातला, कोपरापर्यंत गेला,
आत गार आहे म्हणाला.
एप्रिलात न्यांडो नदी फुगली की हीच माती
पाणी पिऊन वर येते,
दारं चौकटीत अडकवते.
चमचाभर वाळवून, कुटून नळीत घातली, वर पाणी;
दुसऱ्या दिवशी दुप्पट होऊन बसली होती.
शेजारच्या औषधांच्या दुकानाची भिंत बघ.
तडा जिन्यासारखा, विटा टाळत, सांध्यासांध्यातून वर गेलेला.
मालकाने दर वर्षी लिंपला, दर वर्षी रंग दिला.
नुसते रंगाचे पैसे मोजले तरी
पाया झाला असता.

तर, काळी सगळी काढायची. पावणेदोन मीटर.
"इतकं?"
पावणेदोन.
करड्या मातीत चुन्याचे पांढरे खडे दिसले
की आणखी वीतभर, मग थांबायचं.
मुरूम लाल हवा, खाणीतला,
रस्त्याकडेचा उचललेला नको.
वीतभराचा थर, पाणी, रोलर. पुन्हा वीतभर.
ठेकेदार म्हणेल, दोन थर एकदम टाकू.
तू तिथे खुर्ची टाकून बस.

पिठाच्या गिरणीचं जोतं वेगळं,
भिंतीपासून चार बोटं सुटं.
ती दिवसभर थरथरणार;
वरच्या मजल्यावर शिवणाऱ्या मुलींच्या सुया
तिच्या तालावर चालायला नकोत.
छपराचं पाणी लांब न्यायचं.
भिंतीलगत केळ लावू नकोस.
लावशील, माहीत आहे.

आता तिसरं भोक.
वायव्य कोपरा, तुला दर्शनी दार हवंय तिथे.
पहिल्या दोन भोकांत गिरमिट कण्हत उतरलं.
इथे हातभर खाली एकदम सैल.
माती वर आली ती काळी, करडी, पुन्हा काळी,
म्हणजे कुणीतरी आधी खणून परत भरलेली.
मी वहीत लिहिलं: भराव.
झेब्लॉन म्हणाला, जुना संडास असेल.

जेफेथ ओंगोरो रोज
उलट्या घमेल्यावर बसून आमचं काम बघायचा,
तोंडातून शब्द नाही.
तो उठला. टोपी काढली.
"वर घ्या ते," म्हणाला.

घर तेव्हा पेट्रोलपंपाच्या जागी होतं.
कुंपण इथपर्यंत.
आणि लग्नाआधी गेलेल्या मुलीला
कुंपणाच्या आत पुरत नाहीत.
आकेयो. तापाने गेली.
तो सात वर्षांचा. त्यालाही फावडं दिलं होतं,
त्याच्याहून उंच.
"माझ्याच बाजूची माती नीट दाबली गेली नसेल," तो म्हणाला.

पेरेस, चौदा वर्षं मी हेच करते.
सैल माती आपल्याच वजनाने
किती वर्षांत बसते, याचं सूत्र आहे माझ्याकडे.
त्या हिशेबाने ही केव्हाच बसायला हवी होती.
मी त्याला तसं सांगितलं नाही.

भोक आम्ही बुजवलं.
झेब्लॉनने पहार घेतली नाही, हातानेच बुजवलं.
पान अकरा बघ:
"वायव्य कोपऱ्यात जुना भराव. भारक्षमता अनिश्चित.
खांब दोन मीटर चाळीस पूर्वेला घ्यावा.
मूळ जागा खणू नये, वर बांधू नये."
यातला शब्द न् शब्द खरा आहे.

दार आडबाजूला जाईल.
सहाव्या शिलाई मशीनला जागा उरणार नाही.
नकाशावाला चिडेल; चिडू दे,
त्याला पान अकरा दाखव.
रस्त्यावरून बघणाऱ्याला वाटेल
इमारतीचा कोपरा कुणी चावून नेला.

आणि एक. जेफेथने तुला विचारायला सांगितलंय,
मालकीण तू आहेस म्हणून:
काम सुरू झाल्यावर
घमेलं तिथेच राहिलं तर चालेल का.

विल्किस्टर