पावती क्रमांक एकशे बारा

पिग्मी गोळा करते मी. रोज सात किलोमीटर:
बाजारपेठ, गुऱ्हाळ, दोन सलून, मग पतसंस्था.
मागायची लाज उरलेली नाही मला.
तरी या पावतीपुस्तकावर शिक्का मारताना
हात अडखळला.
'माजी सैनिकांच्या मनाच्या उपचारासाठी.
कुरुंदवाड ते कोल्हापूर आणि परत.
शंभर किलोमीटर, चालत.'

"मनाच्या म्हंजे?"
सलूनवाला रावसाब, वस्तरा हवेत धरून.
"डोस्क्यावर परिणाम झालेल्यांच्या व्हय?"
झोप न येणाऱ्यांच्या, मी म्हटलं.
तो गिऱ्हाइकाच्या गालाकडं बघत राहिला.
त्याचाही भाऊ फौजेत होता.
शंभराची नोट काढली. नाव लिहू नको म्हणाला.

पहाटे चारला निघालो सहा जण.
पुढं यासीनमामा मुजावर, रिटायर्ड नायक,
गुडघ्याला पट्टा, खिशात गुळाचा खडा.
शिरोळला उजाडलं. जयसिंगपुरात भजी खाल्ली,
गाडेवाल्यानं पैसे घेतले नाहीत,
मग डब्यात टाकायला म्हणून दुप्पट दिले.
चोकाकच्या अलीकडं कुणीतरी पाचट पेटवलं होतं.
तड. तड तड तड.
यासीनमामा खाली बसले.
बुटाची नाडी सोडली, बांधली,
सोडली, बांधली.
आम्ही कुणी काही विचारलं नाही.
मला तेवढंच नीट येतं,
घरात तीस वर्षं तेच शिकले.

पाचटाच्या दिवसांत आण्णा रेडिओ मोठा करतात,
बाजारभाव असोत नाहीतर भजन.
वरातीचा डॉल्बी गल्लीत शिरला
की गोठ्यात जाऊन उभे राहतात
म्हशीच्या पाठीवर हात ठेवून.
रात्री तीनला उठतात. कडी बघतात, खिडकी बघतात,
मग आम्हाला मोजतात: आई, मी, धाकटा.
आई जाऊन सहा वर्षं झाली. धाकटा पुण्यात.
अजून तीन मोजल्याशिवाय पाठ टेकत नाहीत.

पंचगंगेच्या पुलावर दिवे लागले होते.
दसरा चौकात हार, फोटो, एक भाषण:
वीरांना मानाचा मुजरा.
माझ्या टाचेत मुजरा नव्हता,
लिंबाएवढा फोड होता पाण्यानं भरलेला.
रात्री एका तालमीत झोपलो, लाल मातीच्या वासात,
आणि सकाळी माघारी,
तोच रस्ता, फक्त लांबलेला.

घरी पोचले तेव्हा साडेदहा झाले असतील.
आण्णा जागे. कसं झालं, किती जमले, काही नाही.
नुसती माझी चाल बघितली.
देवळीतली सुई आणली, गॅसवर धरली,
काळा दोरा ओवला
आणि फोडाच्या आरपार काढला,
दोन्ही टोकं बाहेर ठेवून.
"कापायचं न्हाई. दोरा असू दे.
आपसूक गळतंय पानी."
मग बऱ्याच वेळानं:
"दौलतानं शिकवलं हे."

दौलत कोण?
या घरात कधी न ऐकलेलं नाव.
"इंगवले. माझ्या शेजारच्या खाटेवरचा.
वर बर्फात एकत्र होतो, खाली एकत्र आलो.
पेन्शन घेतल्यावर चौथ्या वर्षी
विहिरीत गावला."
माझी टाच अजून त्यांच्या मांडीवर.
"पवायला येत हुतं त्याला."

त्याच्या गावात दगडी खांब आहे म्हणाले,
लढाईत गेलेल्यांची नावं कोरलेला.
त्यावर हे नाव नाही.
कुठल्या लढाईत म्हणून लिहायचं?

उठले. ट्रंकेचं कुलूप वाजलं.
पाचशे एक रुपये, घडी इतकी जुनी
की नोटा सरळ होईनात.
"पावती फाड."
नाव?
"सांगितलं की."
मी लिहिलं: लान्स नायक दौलत इंगवले.
पत्त्याची जागा मोकळी सोडली.
त्यांनी पावती दिव्याखाली धरून वाचली,
आडनावातली वेलांटी दुरुस्त करून घेतली,
आणि ती चष्म्याच्या घरात ठेवली.

तीनला कडी वाजली. खिडकी वाजली.
मी डोळे मिटून पडलेली, टाचेचा दोरा ओला.
एक, म्हणाले.
दोन.
तीन.
थोडा वेळ नुसता पंखा.
मग, चार.