तीनशे अकरा फोटो

दुपारी दोनला कन्ना चौकात
माझ्या लॅबच्या शटरला हात लावता येत नाही.
आत मी त्या जहाजाचे फोटो उघडून बसले आहे.
काढले तिथं पाऊस होता, आणि लेन्स पुसायला
ओढणीचं कोरडं टोक उरलं नव्हतं.

तीनशे अकरा.
त्यातल्या चाळीसएक फोटोंत पिवळ्या रेनकोटातला एक माणूस
तोफेपुढं उभा. हलतच नव्हता.
बाकीच्यांत डोलकाठी अर्धी.
कितीही मागं सरका, पाठीला कठडा लागायचा.
शेवटी डेकवर उताणी झोपले.
रखवालदार धावत आला, त्याला वाटलं भोवळ आली.
मी कॅमेऱ्याकडं बोट केलं, मग वर.
तो हसला, आणि लोकांना
माझ्याभोवती वळसा घालायला सांगू लागला.

किती लढाया केलेलं जहाज.
आता सुक्या गोदीत, टेकूंवर.
खालच्या मजल्याच्या तुळया इतक्या बुटक्या
की कपाळावर टेंगूळ घेऊनच मी विमानात बसले.
पाटीवर लिहिलं होतं, तोफा नकली आहेत, लाकडाच्या.
खऱ्यांचं वजन त्याला आता पेलवत नाही.

राजेशमतात्या चिलवेरी आले.
कूलरपुढची खुर्ची त्यांचीच.
चष्मा घरी विसरलेला, खिशात मात्र ते पितळी भिंग,
इंचात किती धागे ते मोजायचं.
माग भंगारात गेले, किलोवर.
भिंग द्यायचं राहिलं.

"शिडाचं कापड दाव की."
शिडं नव्हतीच. उतरवून कुठंतरी घडी घालून ठेवलेली.
मी कप्तानाची खोली दाखवली, गोळ्यांची रास,
तळाचा तांब्याचा पत्रा.
ते हं सुद्धा म्हणेनात.

दोनशे सतराव्याला त्यांनी हात वर केला.
तो चुकून निघालेला. ढिगावरून पाय टाकताना
बटण दाबलं गेलं होतं.
एक जाड दोर, एक बारीक दोर,
मधे गाठ, ओली.

भिंग स्क्रीनला टेकवलं.
नुसते ठिपके दिसले असतील, लाल, हिरवे.
भिंग खिशात गेलं.
"ही आपली गाठ आहे की."

तात्या, ही खलाशांची.
"आपली म्हणतो मी."

अल्बम बांधायचा दोरा घेतला, दातानं तोडला,
आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत
एक फास, एक वळसा, ओढ.
उजव्या तर्जनीचं टोक कधीच धोट्यानं नेलेलं, तरी.
"ताणा तुटला की हीच.
फणीतून पार झाली पाहिजे. अडली की दंड.
दिवसाला दीडशे धर, चाळीस वर्षं. हिशेब तू कर."

मी हिशेब केला नाही.
त्यांची गाठ फोटोशेजारी धरली.
तोच फास, तोच वळसा.
त्या दोराला डांबराचा वास होता,
ह्याला शेंगाचटणीचा.

"त्यांना कुणी शिकवली?"
काय माहीत. तुम्हाला कुणी?
"आईनं."
मग बऱ्याच वेळानं,
"तिनं समुद्र बघितला नव्हता. मीबी नाही."

लाइट गेली.
गल्लीतले उरलेसुरले माग एकदम गप्प झाले.
कूलरची पाती फिरत फिरत थांबली.
अंधारात दोरा ओढल्याचा बारीक आवाज,
पुन्हा, पुन्हा.
दोरा संपेपर्यंत ते सांधत राहिले.

लाइट आल्यावर म्हणाले, एक मोठी प्रिंट काढ.
जहाजाची नको.
किती घेशील?
राहू द्या, म्हटलं.
"राहू द्या कसं," म्हणत वीसची नोट
माउसखाली सरकवून गेले.

रात्री नको ते फोटो काढून टाकायला बसले.
पिवळ्या रेनकोटातल्या माणसाचे मात्र
अजून तसेच आहेत.
त्याच्या हातात काहीतरी आहे.
मोठं केलं की फाटतं, नीट दिसत नाही.